घासलेला टायर आणि प्रयोगशाळेतील मोजपट्टी

मोटारीचा टायर घासला आहे, तो आता बदलायला हवा, हे कशावरून ठरवावे? हा प्रश्न ओळखीच्या दहा मोटारवाल्यांना विचारून पाहा. बहुतेक जण टायरकडे एकदा नजर टाकतील, नक्षीवरून अंगठा फिरवतील आणि म्हणतील, "अजून एक पावसाळा सहज निघेल." काही जण पंक्चरवाल्यावर किंवा गॅरेजवाल्यावर हवाला ठेवतील. या उत्तरांत आकडा मात्र कोठेही नसतो. ज्या वस्तूच्या भरवशावर आपण बायकामुलांसह ताशी ऐंशी-शंभर किलोमीटर वेगाने जातो, तिच्याबाबतचा निर्णय एकही मोजमाप न करता घ्यायचा, ही गोष्ट भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तरी खटकल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या हाती आज मोटारीचे स्टिअरिंग नसेल. परंतु शाळेच्या बसमध्ये, व्हॅनमध्ये किंवा रिक्षात तुमच्यापैकी कितीतरी जण रोज बसतात. शिवाय हा प्रश्न वरवर गॅरेजमधला वाटला तरी त्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील घर्षण, दाब आणि गती या प्रकरणांत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: टायरच्या बाबतीत अनुभवावर विसंबू नये. घासलेला टायर वर्षातले सात-आठ महिने उत्तम काम देतो आणि म्हणूनच तो माणसाला फसवतो. त्याची परीक्षा मोजपट्टीनेच केली पाहिजे.

प्रथम नक्षीचे काम काय ते पाहू. अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो आणि जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "सर, रस्त्यावर पकड मिळावी म्हणून." चिखलात किंवा मऊ मातीत हे उत्तर बरोबर आहे. ट्रॅक्टरच्या टायरवरील जाड दाते मातीत रुतून आधार घेतात. परंतु डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता हा टायरच्या रबराहून कितीतरी कठीण असतो. त्यात टायरची नक्षी रुतणार कशी? कोरड्या पक्क्या रस्त्यावर पकड मिळते ती रस्त्याला प्रत्यक्ष चिकटून राहणाऱ्या रबरामुळे, आणि खाच म्हणजे तर रबर नसलेली जागा! नव्या टायरच्या तळाचा साधारण पाव भाग अशा खाचांनी व्यापलेला असतो.

याचा पुरावा मोटारींच्या शर्यतीत सापडतो. फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशी नक्षी नसलेले, अगदी गुळगुळीत टायर वापरतात. वळणांवरील त्यांचा वेग फार वाढला तेव्हा तो कमी करण्यासाठी १९९८ साली नियम करून त्या टायरांवर खाचा पाडणे सक्तीचे करण्यात आले. पकड कमी व्हावी म्हणून खाचा पाडल्या, हे लक्षात घ्या. २००९ पासून पुन्हा गुळगुळीत टायर आले. मात्र पाऊस सुरू झाला की हेच चालक गाडी आत घेऊन खाचांचे टायर चढवतात.

एखादा हुशार विद्यार्थी येथे हात वर करील. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असा नियम पुस्तकात दिलेला आहे. मग रबर कमी काय आणि जास्त काय, सारखेच नाही का? हा नियम लाकूड, धातू यांसारख्या कठीण पदार्थांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर हा अपवाद आहे. रबर मऊ असल्यामुळे रस्त्यावरील बारीक उंचवट्यांभोवती ते दबून बसते, आणि तेच वजन जास्त रबरावर पसरले तर त्याचा घर्षणांक थोडा वाढतो. पाठ्यपुस्तकात या नियमाखाली 'रबर सोडून' एवढे दोन शब्द छापले तर बरे होईल, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

आता यातून काय निष्पन्न होते ते पाहा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रस्ते कोरडे असतात. या काळात टायर झिजत जातो, खाचा उथळ होतात, पण गाडी थांबते पूर्वीसारखीच, कदाचित तसूभर अधिक चांगली. चालकाला कसलीही सूचना मिळत नाही. उलट त्याचा विश्वास वाढतो. "गोटा झालाय म्हणता, पण ब्रेक तर बघा कसा लागतो!" असे तो सांगतो आणि ते खरेही असते. मग जूनमध्ये रस्त्यावर पाणी येते.

मोटार रस्त्याला किती जागेवर टेकते याचा हिशेब करून पाहू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरा. तिचे वजन सुमारे १२,००० न्यूटन. म्हणजे प्रत्येक चाकावर ३,००० न्यूटन. टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड दाब आहे, असे समजा. पास्कलमध्ये हा दाब होतो सुमारे २ लाख १० हजार. बलाला दाबाने भागले की क्षेत्रफळ मिळते: ३,००० भागिले २,१०,००० म्हणजे सुमारे ०.०१४ चौरस मीटर, किंवा १४० चौरस सेंटिमीटर. टायर १५ सें.मी. रुंद असेल तर टेकलेला भाग लांबीला जेमतेम साडेनऊ सें.मी. भरतो. तुमचा तळहात वहीवर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवा. जवळपास तेवढीच ही जागा. अशा चार तळहातांवर सगळी मोटार रस्ता धरून असते.

रस्त्यावर २ मि.मी. पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. पुढच्या एका चाकासमोर दर सेकंदाला येणारे पाणी किती? २० मीटर लांब, ०.१५ मीटर रुंद आणि ०.००२ मीटर जाड असा थर, म्हणजे ०.००६ घनमीटर किंवा सहा लिटर. पंधरा लिटरची बादली अडीच सेकंदांत भरेल, एवढे पाणी चाकाने बाजूला सारायचे आहे. वेळ किती? रस्त्यावरचा एखादा बिंदू टायरखाली राहतो तो साडेनऊ सें.मी. अंतर कापण्यापुरता, म्हणजे सुमारे एक-दोनशेवा सेकंद. तेवढ्यात पाणी निघून गेले तर रबर रस्त्याला टेकते. न गेले तर रबर पाण्याला टेकते.

खाचांचे काम येथे सुरू होते. त्या पाणी निघून जाण्याच्या मोऱ्या आहेत. टायरला लांबीच्या दिशेने चार मोठ्या खाचा आहेत आणि प्रत्येकीची रुंदी ८ मि.मी. आहे असे धरा. नव्या टायरमध्ये त्यांची खोली सुमारे ८ मि.मी. असते. मग चारही मोऱ्यांच्या तोंडांचे क्षेत्रफळ होते २५६ चौरस मि.मी. समोरून येणाऱ्या पाण्याच्या थराचा छेद १५० गुणिले २, म्हणजे ३०० चौरस मि.मी. बहुतेक पाणी खाचांतच मावले. उरलेले थोडे कडांनी निघून जाईल. टायर झिजून खोली ३ मि.मी. झाली की मोऱ्यांची तोंडे ९६ चौरस मि.मी. उरतात. खोली १.६ मि.मी. झाली की उरतात अवघी ५१. पाणी मात्र तेवढेच, तीनशे! मोरी तुंबली की न्हाणीघरात काय होते ते सांगायला नको.

तुंबलेले पाणी टायरला वर उचलू लागते. ही कल्पना अनेकांना अतिशयोक्तीची वाटते. एवढी जड मोटार पाण्यावर तरंगेल कशी? यंत्रशास्त्रात मात्र ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशॅम्प टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. वंगण घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रात त्याने लाकडी बूच बसवले, तर आस फिरू लागताच आतील तेलाने ते बूच बाहेर ढकलून दिले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर अरुंद फटीत ओढून नेत होता आणि तेथे एवढा दाब निर्माण होत होता की, आसावरचा सगळा भार तेलाचा पातळ थर पेलून धरत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ साली याचे गणित मांडले. बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू नये म्हणून जो थर आपल्याला हवा असतो, नेमका तोच थर टायरखाली नको असतो.

किती वेगाला टायर पूर्णपणे पाण्यावर चढेल, याचा अंदाज तुम्हालाही बांधता येईल. वेगाने येऊन आदळणाऱ्या पाण्याचा दाब हा पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन एवढा असतो. तो टायरमधील हवेच्या दाबाइतका झाला की पाणी टायरला उचलू शकेल. घनता १,००० आणि दाब २,१०,००० घेऊन वेग काढा. उत्तर येते सेकंदाला साडेवीस मीटर, म्हणजे ताशी ७४ कि.मी. प्रत्यक्षात पाण्याचा सगळा दाब कामी येत नाही, म्हणून वेग थोडा अधिक लागतो. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांचा अभ्यास करून १९६३ साली एक सोपे सूत्र दिले. दर चौरस इंचाला किती पौंड हवा आहे त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला ९ ने गुणा, म्हणजे वेग नॉटमध्ये मिळतो. किलोमीटरमध्ये हवा असल्यास ९ ऐवजी सुमारे १६.७ ने गुणावे. ३० पौंडांसाठी हा वेग ताशी ९१ कि.मी. होतो, २० पौंडांसाठी सुमारे ७५. (हवा कमी असलेली गाडी पावसात का घसरते, याचेही उत्तर यातच आले.) हे सूत्र गुळगुळीत टायरसाठी, किंवा खाचांच्या खोलीपेक्षा जास्त पाणी साचले असेल तर लागू पडते. घासलेला टायर या दोन्ही अटी आपण होऊन पूर्ण करतो.

ताशी ९१ कि.मी. होईपर्यंत सगळे ठीक आणि मग एकदम तरंगणे, असे मात्र समजू नये. वेग वाढत जातो तसतसा टेकलेल्या तळहाताचा पुढचा भाग आधी उचलला जातो, मग मधला. पकड हळूहळू कमी होत जाते आणि चालकाला ते समजत नाही, कारण सरळ जाताना पकडीची गरज थोडीच लागते. ब्रेक मारला किंवा वळण आले की समजते.

सायकलीला ही भीती जवळजवळ नाही. तिचा टायर अरुंद आणि गोल असून हवाही अधिक असते. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते; सूत्रात हा आकडा घालून पाहा म्हणजे पावसात ट्रक निर्धास्त पुढे जाताना का दिसतो ते कळेल. त्याच्या मागून त्याच वेगाने मोटार हाकणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता ब्रेकचा हिशेब. उदाहरणादाखल समजा की, ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.६ आहे आणि घासलेल्या टायरचा ०.३५. थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ गुणिले घर्षणांक गुणिले ९.८). सेकंदाला २० मीटर वेगासाठी पहिली गाडी ३४ मीटरमध्ये थांबते, दुसरी ५८ मीटरमध्ये. चोवीस मीटरचा फरक, म्हणजे सात-आठ खोल्यांची चाळ. परंतु मला याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. ३४ मीटरवर, जेथे पहिली गाडी शांतपणे उभी राहिली, तेथे दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? गतीचे समीकरण तुम्हाला येते. उत्तर आहे ताशी सुमारे ४६ कि.मी. रस्ता ओलांडणारी म्हातारी त्या ठिकाणी असेल तर तिच्या दृष्टीने दोन टायरांमधला फरक एवढा आहे. टायर कोणाचा, पैसे कोणी वाचवले आणि त्याची किंमत कोण देणार, याचा विचार केला म्हणजे 'माझी गाडी, माझा टायर' हे म्हणणे टिकत नाही.

कायदा याबाबत काय सांगतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मि.मी. असली पाहिजे, दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मि.मी. आहे. टायर बनवणारेही याची सोय करून ठेवतात. मोठ्या खाचेत वाकून पाहिल्यास तळाशी मधूनमधून रबराचे आडवे छोटे बांध दिसतात. मोटारीच्या टायरवर त्यांची उंची १.६ मि.मी. असते. ते नेमके कोठे आहेत हे दाखवण्यासाठी टायरच्या बाजूवर वरच्या कडेला लहानसा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे असतात. नक्षी झिजून या बांधांच्या पातळीला आली की टायर कायद्याने बाद. मोटारी चालवणाऱ्या किती जणांना हे बांध माहीत आहेत, याची चौकशी तुम्हीच आपल्या घरी करा.

हा नियम हवाच. पण १.६ म्हणजे सुरक्षित, असे समजणे चूक आहे. परीक्षेत पस्तीस गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. त्याला विषय आला, असे कोणी म्हणत नाही. वरच्या हिशेबात १.६ ला मोऱ्यांची तोंडे नव्याच्या पाचव्या हिश्शावर आलेली आपण पाहिली. ब्रिटनमध्ये पूर्वी १ मि.मी. चालत असे, १९९२ पासून तेथेही १.६ झाले, म्हणजे हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही, माणसांनी तडजोड करून ठरवलेला आहे. पावसाळी रस्त्यासाठी ३ मि.मी. ही मर्यादा पाळावी, असे टायरचे अनेक जाणकार सांगतात आणि मला ते पटते.

यावर खर्चाचा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. ८ पासून १.६ पर्यंत वापरायचे रबर ६.४ मि.मी. त्यातले ३ च्या खालचे १.४ मि.मी. फेकून द्यायचे म्हणजे टायरचे पाचव्या हिश्शाहून अधिक आयुष्य वाया. टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला हे परवडणार नाही, शिवाय जुन्या टायरांचे ढीग वाढतील ते वेगळेच. म्हणून सरसकट ३ चा कायदा करा, असे मी म्हणणार नाही. कोरड्या दिवसांत उथळ खाचांनी थांबण्यात फारसे बिघडत नाही, याचाच उपयोग करून घ्यावा. ऑक्टोबरात ज्या टायरची खोली ३ आहे तो बांधांपर्यंत खुशाल वापरावा. मात्र मे महिन्यात ज्याची खोली ३ आहे, त्याला पावसाळ्यात नेऊ नये. टायर हजारो किलोमीटर चालतो. तो कोणत्या महिन्यात बदलणीला यावा हे थोड्या आखणीने साधता येते. शेतकरी पावसाळ्यापूर्वी घराची कौले चाळतो, ती गळायला लागण्याची वाट पाहत नाही. पहिल्या सरींत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल मिसळून रस्ता आणखी निसरडा होतो, तेव्हा हे काम मृगापूर्वीच उरकलेले बरे.

दोनच टायर बदलण्याइतके पैसे असतील तर नवे टायर पुढे बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते मागे बसवावेत. पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. चालकाला ते कळते आणि वेग कमी केला की चाके पुन्हा रस्ता धरतात. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मग फार थोड्यांना ती सावरता येते.

खोलीखेरीज काही गोष्टी अशा आहेत की, त्या दिसल्यास खाचा कितीही खोल असोत, टायर बदलावाच लागतो. बाजूला फुगवटा आला असेल, आतील धागे उघडे पडले असतील, रबराला बारीक तडांचे जाळे पडले असेल तर तो टायर गेला. दारात उभ्या राहणाऱ्या, वर्षात फारशा न फिरणाऱ्या गाड्यांना हे विशेष लागू आहे. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर न वापरताही कठीण आणि ठिसूळ होते. टायरचे वय त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते: अक्षरांच्या लांबलचक ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षे झाली की टायर बाद, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात.

उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटतो, म्हणून हवा कमी भरावी, हा समज तर फारच पसरलेला आहे. हिशेब करा. २७ अंश सेल्सियसला ३२ पौंड हवा भरली. वातावरणाचा दाब धरून ती ४६.७ होते. टायर तापून ६७ अंशांवर गेला, म्हणजे ३०० केल्विनवरून ३४० वर. दाब होईल सुमारे ५३, वातावरणाचा वजा केला तर ३८. धडधाकट टायर याच्या कितीतरी पट दाब सोसतो. उलट हवा कमी भरली तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्याने उष्णता निर्माण होते आणि वेगाच्या रस्त्यावर हीच उष्णता टायरचे थर सोडवते. शिवाय कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त हवेचा मध्यभागी, आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडले असेल तर एकाच बाजूला. ती बाजू बहुधा आतली, म्हणजे बाहेरून न दिसणारी असते.

समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन खात्याने वाहनांचे टायर तपासून घासलेल्या टायरांची वाहने परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच झाले. पण नाक्यावर अडवले जाईपर्यंत थांबायचे कशाला? इतर देशांत नाण्याने खोली पाहण्याची युक्ती प्रचलित आहे. अमेरिकेत एक सेंटचे नाणे खाचेत उलटे धरून लिंकनचे डोके बुडते का ते पाहतात. आपल्या नाण्यांचे आकार आणि चित्रे वरचेवर बदलतात, त्यामुळे आपल्याला ही सोय नाही. पण आपल्याकडे त्याहून चांगले साधन कपाटात पडून आहे.

ते साधन म्हणजे व्हर्निअर कॅलिपर. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते डझनांनी असतात. आपण त्याच्या जबड्यांत गोळी धरून तिचा व्यास काढतो, वरच्या लहान जबड्यांनी नळीचा आतला व्यास काढतो, आणि मागून बाहेर येणारी पातळ पट्टी बहुतेक वेळा वापरतच नाही. ती पट्टी खोली मोजण्यासाठीच आहे. लघुतम माप ०.१ मि.मी. १.६ आणि ३ यांतील फरक ओळखण्यास ते पुरेसे आहे. मुख्य पट्टीचे टोक नक्षीच्या माथ्यावर टेकवा, खोली मोजणारी पट्टी खाचेच्या तळाला लागेपर्यंत सरकवा आणि वाचन घ्या. खाचेत अडकलेला खडा आधी काढावा, आणि पट्टी बांधावर पडणार नाही हे पाहावे. आत, मध्ये, बाहेर अशी तीन वाचने चाकाच्या तीन ठिकाणी घ्यावीत. सरासरी काढण्याची सवय येथे मोडावी लागेल. टायरच्या बाबतीत सर्वांत लहान वाचनच खरे. कॅलिपर नसेल तर आगपेटीची काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी. अर्ध्या मिलिमीटरची चूक होईल, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा ते बरे.

शिक्षकबंधूंना माझी सूचना आहे की, वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये हा प्रयोग शाळेच्या आवारात करावा. अभ्यासक्रमात नाही, ही सबब येथे चालू नये. व्हर्निअर अभ्यासक्रमात आहेच, आणि गोळीच्या व्यासाशी कोणाचे सुखदुःख बांधलेले नसते. शाळेत मुलांना आणणाऱ्या बस, व्हॅन, रिक्षा यांचे टायर मुलांनीच मोजावेत. चालककाकांना आधी नीट सांगावे. त्यांना यात बहुधा सर्वांत जास्त रस असेल, कारण नवा टायर मालकाकडे मागताना त्यांच्या हाती आजवर कागद नसतो. प्रत्येक वाहनाचा क्रमांक, चाक (स्टेपनी धरून), वाचने आणि टायरचे साल असा तक्ता करावा. मोटार आणि बससाठी ३ मि.मी.च्या खालील आकडे लाल पेन्सिलीने लिहावेत. तक्त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना, एक वाहनमालकांना द्यावी आणि शाळा जूनमध्ये उघडेल त्या आठवड्यात लाल आकड्यांची चाके पुन्हा मोजावीत. मोजताना वाहन सपाट जागेवर उभे, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली शिक्षकांच्या खिशात असावी.